रात्री पाणी सोडणाऱ्या माणसाचे आभार कसे मानावेत?

विजापूर रोड, गृहिणी

सर्वांना नमस्कार.

आम्ही विजापूर रोडलगतच्या एका जुन्या वसाहतीत बावीस वर्षांपासून राहतो. सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी लिहिते की, आमच्या शहराला उजनी धरण, भीमेवरील टाकळी आणि हिप्परगा तलाव अशा तीन ठिकाणांहून पाणी येते. त्यातले उजनीचे पाणी शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या जलवाहिनीतून येते आणि एवढे करूनही घरच्या नळाला चार-पाच दिवसांआडच पाणी असते. पाळी बहुतेक वेळा रात्रीची असते. आमच्या भागात पाणी सोडायला जे चावीवाले येतात, ते खांद्यावर ती लांब लोखंडी चावी टाकून सायकलवरून येतात, चेंबरचे झाकण पहारीने उचलतात आणि चावी फिरवताना तोंडाने ‘ओंदु, एरडु, मूरु’ असे कन्नडमध्ये फेरे मोजतात. रात्रीच्या शांततेत ते मोजणे ऐकू आले की आम्ही हौदाचे झाकण काढतो.

या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, दोन दिवस राहिले असताना आमच्या कोपऱ्यावरील वाहिनी फुटली. त्या रात्रीची पाळी हुकली असती तर सणात आठ-नऊ दिवस निर्जळी झाली असती, आणि घरोघरी पाहुणे आलेले होते. चावीवाले आणि त्यांच्यासोबतचा एक तरुण रात्री नऊ वाजल्यापासून कमरेएवढ्या गढूळ पाण्यात उतरून काम करत होते. थंडी चांगलीच होती. माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई दोन वेळा उठून त्यांना चहा पाठवायला सांगत होत्या. पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी आमच्या नळाला धार लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सायकलवरून जाताना सासूबाईंनी त्यांना हाक मारली आणि दोनशे रुपये पुढे केले. ते दोन पावले मागे सरकले आणि म्हणाले, “आज्जी, पैसे नको. उद्या पलीकडची गल्ली म्हणंल, पैसे घेऊन हिकडं पाणी जास्त सोडलं.” सासूबाईंना वाईट वाटले. त्यांच्या लहानपणी दिवाळीत पोस्टमन, झाडूवाले, नळवाले या सगळ्यांना घरोघरी पोस्त दिले जाई आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. माझा मुलगा म्हणतो की ही सरळ लाच आहे. शेजारचे गृहस्थ म्हणतात की त्यांना पगार मिळतो, मग आभार कशाचे मानायचे?

मला दोघांचेही म्हणणे पुरते पटत नाही. आपल्यासाठी रात्रभर थंड पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला काहीच न म्हणता नळ सुरू करणे मनाला लागते. पोस्त द्यावे की नाही, आणि द्यायचे नसेल तर आभार नेमके कशा रीतीने मानावेत, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त कार्यालय अधीक्षक, मुरारजी पेठ

आपल्या चिरंजीवांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे, त्या चावीवाल्या भाऊंचे मात्र पूर्ण बरोबर आहे. मी राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो असल्याने या विषयाची कागदोपत्री बाजू थोडी सविस्तर मांडतो.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत आणि त्यांत भेटी स्वीकारण्यावर बंधने आहेत. प्रसंगाने घडणारा साधा पाहुणचार, म्हणजे चहा, पाणी, जेवणाच्या वेळी आलेल्याला दोन घास, हा त्या नियमांच्या दृष्टीने भेट ठरत नाही. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची शिस्तही साधारण त्याच धर्तीवर चालते. लाचलुचपत प्रतिबंधक कायदा 1988 चा आहे आणि त्यातील लोकसेवक या शब्दात स्थानिक संस्थांचे कर्मचारीही येतात. त्यात 2018 साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. केवळ कोणी बळजबरी केल्यामुळे पैसे द्यावे लागले असतील आणि आपण सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले असेल, तर त्याला संरक्षण आहे. अशा तक्रारीसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. आपल्या सासूबाईंच्या मनात यातले काहीही नव्हते, हे मी जाणतो. काम होऊन गेल्यावर प्रेमाने पुढे केलेला हात आणि काम अडवून मागितलेले चहापाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परंतु पाणी सोडणाऱ्याचे काम एका रात्रीत संपत नाही. चार दिवसांनी त्याला पुन्हा त्याच चेंबरपाशी यायचे असते, तेव्हा कालचे बक्षीस उद्याच्या पाळीला चिकटू शकते.

पोस्ताविषयी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या शहरात विडी वळून घर चालवणाऱ्या हजारो बायका आहेत, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत पाळीवर राबणारे हजारो कामगार आहेत. ज्या वसाहतीत प्रत्येक घर दिवाळीला पाचशे रुपये काढू शकते आणि ज्या गल्लीत पन्नासही निघत नाहीत, त्या दोन्हींना एकच माणूस पाणी सोडत असेल, तर आपल्या पाचशेचे ओझे त्या दुसऱ्या गल्लीवर पडते. त्या भाऊंनी ‘पलीकडची गल्ली’ म्हटले, त्यात हे सगळे आले.

मग करावे काय? पत्र लिहावे. मी अकरा वर्षे आवक-जावकच्या टेबलावर काढली. रोज पत्रांचा गठ्ठा येई, तारखेचा शिक्का मारून, क्रमांक टाकून मी तो पुढे पाठवी. त्या सगळ्या वर्षांत कोणा कर्मचाऱ्याच्या कामाबद्दल आभाराची पत्रे आलेली मला दोन आठवतात. त्यांपैकी एक आंतरदेशीय पत्रावर, एका शेतकऱ्याने शिपायाबद्दल लिहिलेले होते. साहेबांनी ते सर्वांसमोर वाचून दाखवले आणि त्या शिपायाने नंतर माझ्याकडे येऊन हळूच विचारले की, याची एक प्रत मिळेल का. तो माणूस चोवीस वर्षे त्या कार्यालयात होता.

पत्र मोघम नसावे. ‘आपले कर्मचारी फार चांगले आहेत’ अशा पत्राचा कोणालाच उपयोग होत नाही. दिनांक, वेळ, जागा, झालेले काम आणि कर्मचाऱ्याचे नाव लिहावे. नाव ठाऊक नसेल तर विचारून घ्यावे, कारण विचारण्यातच निम्मे आभार होतात. पत्र आपल्या झोन कार्यालयात द्यावे, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा, आणि ती प्रत त्या माणसाच्या हातात द्यावी. कायम सेवेतील कर्मचाऱ्याच्या बाबतीत असे पत्र त्याच्या वैयक्तिक नस्तीत (फाइलीत) ठेवावे, अशी विनंती पत्रातच करता येते. कंत्राटी कामगाराला सेवापुस्तक नसते. त्यासाठी पत्राची एक प्रत त्याच्या कंत्राटदारालाही द्यावी, म्हणजे पुढे काम टिकवताना तो कागद त्याला दाखवता येतो.

भवानी पेठ, शिक्षिका

वरील पत्राची सूचना मला मनापासून आवडली. माझी आई घंटागाडीवर काम करते, म्हणून या विषयावर मला थोडे अधिक बोलायचे आहे.

आईच्या उजव्या तळहातावर अंगठ्याच्या खाली तीन टाके पडल्याची खूण आहे. कोणीतरी फुटलेला ट्यूबलाइट काळ्या पिशवीत भाजीच्या देठांखाली घालून दिला होता. ती पिशवी वरून नेहमीसारखीच मऊ होती. टाके घातल्यानंतरचे पाच दिवस आई घरी राहिली आणि रोजंदारी असल्यामुळे त्या पाच दिवसांचे पैसे बुडाले. ज्या घरातून ती पिशवी आली, ते घर वाईट नव्हते. त्याच घरातून तिला दर दिवाळीला फराळाचा डबा मिळे. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते, फक्त पिशवी उचलणारा हात कसा असतो हे त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते.

घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांतच नागरिकाचे कर्तव्य स्पष्ट लिहिले होते. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायचा, आणि सॅनिटरी पॅड व डायपर कागदात किंवा पिशवीत घट्ट गुंडाळून द्यायचे. शाळेत मी मुलांना हे नियम म्हणून शिकवते, पण घरी आईच्या नखांकडे पाहिले की मला तो नियम वाटत नाही. ओला कचरा निराळा आणि वाहता नसलेला मिळाला, की आई त्या दिवशी घरी आल्यावर बोलत बसते. सगळे एकत्र कालवलेले मिळाले, की आधी अर्धा तास हात धुते आणि मग जेवण नको म्हणते. म्हणून कोणी मला विचारले की तुझ्या आईचे आभार कसे मानू, तर मी सांगेन की तिच्या हातात देण्याआधी ती पिशवी एकदा स्वतःच्या हाताने दाबून पाहा.

काचेसाठी आम्ही आमच्या गल्लीत एक साधा उपाय केला. पुडक्यावर ‘काच’ असे लिहून ठेवण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण माझ्या आईला वाचता येत नाही, आणि गाडीवरच्या दुसऱ्या मावशींची भाषा तेलुगू आहे. म्हणून काच, ब्लेड, सुया असे काहीही जुन्या कागदात गुंडाळून त्यावर लाल चिंधी बांधायची, असे ठरवले. आमच्या भागात मागांच्या कारखान्यांमुळे चिंध्यांना तोटा नाही. लाल चिंधी दिसली की आई ते पुडके वेगळ्या पोत्यात ठेवते. दोन वर्षांत तिच्या हाताला नवी जखम झालेली नाही.

आणखी एक गोष्ट लिहिताना मला जड जाते, तरी लिहिते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. आई पाणी मागते तेव्हा बहुतेक घरे पाणी देतात. पण काही घरांत तिच्यासाठी प्लास्टिकचा एक पेला बाहेर कट्ट्यावर, झाडाच्या कुंडीमागे ठेवलेला असतो. तो पेला कोणासाठी आहे हे तिला कळते आणि मलाही कळते. ज्या घरातील आजी स्वयंपाकघरातल्या तांब्या-भांड्यातून पाणी आणून देतात आणि रिकामे भांडे हातातून परत घेतात, त्या आजींचे घर आई मला रस्त्याने जाताना दाखवते. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि मग भाकरी मागायचे, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. झाडणाऱ्याला भाकरी कोणत्या ताटातून द्यायची, हेही त्याच जयंतीला सांगायला हवे.

फराळाबद्दलही सांगते. द्यायचाच असेल तर लक्ष्मीपूजनाच्या सुमारास द्यावा. भाऊबीज उलटून गेल्यावर डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा पिशवीत घालून दिला, तर घेणाऱ्याला तो वासावरूनच कळतो. आणि हातमोजे, बूट मिळत नसतील तर मुकादम किंवा आरोग्य निरीक्षकांकडे नागरिक म्हणून तुम्ही विचारणा करा. आई विचारायला घाबरते, कारण तिला दुसऱ्या दिवशी हजेरी लावायची असते. तुम्हाला ती भीती नाही.

निवृत्त वाहक, जुना पुणे नाका

मी एसटीत वाहक म्हणून एकतीस वर्षे काढली. आमची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हापासून वाहकाची अडचण एकच आहे, ती म्हणजे सुट्टे पैसे. सकाळच्या पहिल्या फेरीला प्रत्येकाने पाचशेची नोट पुढे केली, तर वाहकाचा सगळा दिवस वादात जातो. तिकिटाएवढे पैसे मोजून हातात ठेवणारा प्रवासी मला आजही आठवतो. आभार मानायचे असतील तर गाडीचा क्रमांक, वेळ आणि वाहक-चालकाचा बिल्ला क्रमांक टिपून घ्या आणि आगारप्रमुखांना चार ओळी लिहा. पंढरपूरच्या यात्रेच्या दिवसांत सलग जादा फेऱ्या करणाऱ्या चालकांसाठी तर नक्की लिहा.

होटगी रोड, खासगी नोकरी

मूळ प्रश्नातील शेजारच्या गृहस्थांची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून मी मांडतो. त्यामागे कोरडेपणाच असतो असे नाही.

गेल्या वर्षी मुलीच्या प्रवेशासाठी मला उत्पन्नाचा दाखला हवा होता. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. कागदपत्रे पूर्ण असूनही मला पाच वेळा परत पाठवले गेले; एकदा सही करणारे नव्हते, एकदा प्रिंटर बंद होता, दोनदा तर कारणही सांगितले नाही. सहाव्या खेपेला दाखला मिळाला तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या एकाने सुचवले की, पेढे देऊन टाका, पुढे कामाला येतील. मी पेढे आणले आणि दिले. घरी परत येताना मला स्वतःची फार लाज वाटली. जे मला मुदतीत मिळायला हवे होते, ते उशिराने दिल्याबद्दल मी आभार मानून आलो होतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 साली आला. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल हे कार्यालयाने फलकावर लावायचे असते. मुदत टळली तर त्याच विभागात पहिले आणि दुसरे अपील करता येते, त्यानंतर सेवा हक्क आयोगाकडे जाता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मला पेढे दिल्यानंतर समजले. आभार मानण्याची सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की, हक्काची गोष्टही आपण कृपा म्हणून स्वीकारतो, आणि समोरचाही हळूहळू तिला कृपाच समजू लागतो. माझी भीती ही आहे.

खड्ड्यात उतरलेल्या माणसाशी माझे भांडण नाही. त्यांना माझाही नमस्कार सांगा. परंतु ती वाहिनी पुन्हा पुन्हा का फुटते आणि एवढ्या मोठ्या शहराला पाचव्या दिवशी पाणी का मिळते, हे प्रश्न आभाराच्या पत्राखाली दबून जाऊ नयेत.

निवृत्त कार्यालय अधीक्षक, मुरारजी पेठ

आपला अनुभव वाचून, त्याच व्यवस्थेत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मला वाईट वाटले. आपले म्हणणे मान्य आहे. दोन्ही पत्रे लिहावीत, आणि वेगवेगळी लिहावीत. आभाराच्या पत्रात माणसाचे नाव असावे आणि तक्रार मिसळू नये. तक्रारीच्या पत्रात अर्ज क्रमांक व तारखा असाव्यात आणि गोडवा घालू नये. आवक नोंदवहीत दोन्हींना आपापला क्रमांक पडतो. वाहिनी जुनी झाली आहे, असे लेखी विचारणारे पत्र त्या चावीवाल्यांच्याही सोयीचेच आहे, कारण खड्ड्यात त्यांनाच उतरावे लागते.

जनमित्र, अक्कलकोट रोड

महावितरणमध्ये आम्हा लाईनमनना जनमित्र म्हणतात. 4 मार्चला लाईनमन दिवस असतो, त्या दिवशी सुरक्षेची शपथ होते आणि सत्कारही होतो. मला येथे त्या दिवसाविषयी नव्हे, उरलेल्या दिवसांविषयी लिहायचे आहे.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर ऊन तापते आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस वाऱ्यासह येतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक लिंब आडवा होऊन तारांवर पडला. आमच्या कामाची रीत अशी असते की, आधी उपकेंद्राकडून त्या फिडरचे, म्हणजे त्या वीजवाहिनीचे, परमिट घ्यायचे, पुरवठा बंद झाल्याची खात्री करायची, तारांना अर्थिंग लावायचे, म्हणजे त्या जमिनीशी जोडायच्या, आणि मगच पोलवर चढायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की माणसे नुसती उभी आहेत. त्या वेळेत फोन सारखा वाजत राहतो आणि शिव्या ऐकाव्या लागतात. त्या संध्याकाळी मी सव्वादोन तास वर होतो. खाली उतरलो तेव्हा पलीकडच्या घरातील एक आजी छत्री धरून, ताकाचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. ताकात मीठ आणि ठेचलेली कोथिंबीर होती. त्या म्हणाल्या, “तू उतरेपर्यंत मला घरात बसवेना.” त्या भागात फॉल्ट आला की आजही माझे पाय आपोआप लवकर उचलतात. वरील पत्रांत अधीक्षक साहेबांनी पाहुणचार आणि भेट यांतला फरक लिहिला आहे, तो वाचून मला बरे वाटले.

पण ताकाहूनही मोठी गोष्ट मागतो, ती जनरेटरविषयी आहे. पुष्कळ दुकानांत आणि लहान कारखान्यांत वीज गेल्यावर जनरेटर सुरू केला जातो आणि एका वेळी जनरेटर किंवा बाहेरची तार यांपैकी एकच जोडलेले ठेवणारा मधला चेंजओव्हर स्विच बसवलेला नसतो किंवा बिघडलेला असतो. अशा वेळी तुमच्या घरातली वीज उलट दिशेने बाहेरच्या तारेत शिरते, रोहित्रातून उलटी चढते आणि आम्ही जी 11 हजार व्होल्टची वाहिनी बंद केली असे समजतो, ती जिवंत होते. पोलवरच्या माणसाला ते दिसत नाही. आम्ही अर्थिंग लावतो ते याच भीतीने. आपला चेंजओव्हर स्विच चांगल्या वायरमनकडून वर्षातून एकदा तपासून घेणे, हे माझ्या दृष्टीने हजार वेळा धन्यवाद म्हणण्यासारखे आहे, कारण त्यामुळे मी संध्याकाळी घरी जातो.

तक्रार करताना बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि जवळच्या पोलवरचा क्रमांक सांगितलात, तर अंधारात गल्लोगल्ली शोधण्याचा आमचा अर्धा तास वाचतो.

विजापूर रोड, गृहिणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पंधरा दिवसांत काय घडले ते कळवते.

सासूबाईंना मी सगळी पत्रे वाचून दाखवली. लाल चिंधीची गोष्ट त्यांना इतकी भावली की, त्यांनी जुन्या लुगड्याचे काठ फाडून त्याच्या वीतभर पट्ट्या केल्या आणि आमच्या इमारतीतील प्रत्येक घरात पाच-पाच नेऊन दिल्या. आमच्या घंटागाडीवरच्या ताईंना आम्ही त्या पट्टीचा अर्थ सांगितला. त्यांनी एक पट्टी स्वतःजवळ ठेवून घेतली, पुढच्या गल्लीत दाखवायला.

चावीवाल्या भाऊंसाठी पत्र लिहायला घेतले, तेव्हा लक्षात आले की बावीस वर्षांत आम्ही त्यांना नाव विचारलेच नव्हते. पुढच्या पाळीला रात्री पावणेदोन वाजता मी आणि मुलगा चेंबरपाशी जाऊन थांबलो. नाव विचारल्यावर ते आधी घाबरले. तक्रार करायची आहे का, असे त्यांनी विचारले. कारण सांगितल्यावर त्यांनी चावी खाली ठेवली, हात पुसले आणि पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, सावकाश सांगितले.

पत्र पाणीपुरवठा विभागाच्या कनिष्ठ अभियंत्यांच्या नावे लिहिले. दिनांक, रात्री नऊ ते पहाटे तीन ही वेळ, फुटलेल्या वाहिनीची जागा, आणि त्या रात्री किती घरांचा सण निर्जळी होण्यापासून वाचला, एवढेच त्यात आहे. वसाहतीतील सव्वीस जणांनी सह्या केल्या. ‘पगार मिळतो’ म्हणणारे शेजारी सही करतील की नाही अशी मला शंका होती. त्यांनी सही केली आणि वाहिनी बदलण्याबद्दलचे वेगळे पत्र मी स्वतः लिहितो, असे सांगून ते लिहिलेही. दोन्ही पत्रे एकाच दिवशी झोन कार्यालयात दिली.

शिक्क्याची प्रत भाऊंना दिली तेव्हा त्यांनी ती रस्त्यावरच्या दिव्याखाली नेऊन दोनदा वाचली. मग म्हणाले, “ताई, ह्यात त्या पोराचं नाव नाही. खड्ड्यात खाली तो होता, मी वरून चावी धरली होती. तो कंत्राटी आहे, त्याला ह्याचा जास्त उपयोग हाय.” हे आमच्या लक्षातच आले नव्हते. खाली उतरलेला चेहरा चिखलात दिसत नव्हता आणि आम्ही ओळखीच्या माणसाचेच नाव लिहून मोकळे झालो होतो.

काल दुसरे पत्र दिले. त्याची एक प्रत कंत्राटदाराला पाठवली आहे आणि एक त्या मुलासाठी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवली आहे. आमची पुढची पाळी परवा रात्रीची आहे.